खंडेनवमीला उचललेली करवत

वायरमन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर खिशाला अडकवलेला टेस्टर येतो. प्रत्यक्षात आमचा विजेशी जितका संबंध येतो त्याहून जास्त लोखंडाशी येतो. वीज तारेतून जाते, तार पाइपातून जाते, पाइप भिंतीवर धरायला पट्टी लागते, छताला टांगायला सळई लागते, आणि यातली एकही वस्तू दुकानात हव्या त्या लांबीची मिळत नाही. त्यामुळे वायरमनचं निम्मं आयुष्य कापण्यात जातं. आमच्या घरात वडील शाळामास्तर, दोन्ही भाऊ कचेरीत आणि परसात नारळ-सुपारीची वाडी. त्या घरातून मी या धंद्यात उतरलो तेव्हा वडील म्हणाले होते, शिकूनसवरून लोखंड कापणार का? त्यांनी ते रागाने विचारलं होतं, पण वर्णन अगदी अचूक होतं.

रेवदंड्याला माझी कार्यशाळा होती. कार्यशाळा म्हणजे पत्र्याची शेड, एक लांब टेबल आणि दत्ताराम. दत्ताराम आतल्या एका गावातला, भातशेती करणाऱ्या घरातला माणूस. पावसाळ्यात लावणीला आणि पुढे कापणीला तो गावी जायचा, बाकीचं वर्ष माझ्याकडे असायचा. वयाने आम्ही बरोबरीचे. हत्यारांच्या बाबतीत मात्र तो माझा सासरा असल्यासारखा वागायचा. एखादा स्क्रूड्रायव्हर मी छिन्नीसारखा वापरला तर दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलायचा.

कापायला आधी आमच्याकडे हॅक्सॉ होता, म्हणजे साधी हातकरवत. ती स्वस्त, भरवशाची आणि खांद्याची वैरीण. मग ग्राइंडर आला. ग्राइंडरची चकती लोखंड जाळत जाते. आवाज असा की शेजारच्या घरातलं मूल उठलंच पाहिजे, आणि ठिणग्यांची फुलबाजी. नव्या फरशीवर, पडद्यावर, गिऱ्हाइकाच्या गाडीच्या काचेवर त्या ठिणग्यांनी जे डाग पाडले त्यांच्यावरून मी लोकांची जितकी बोलणी खाल्ली तितकी विजेच्या कामावरून कधी खाल्ली नाहीत.

ग्राइंडरशी माझं नातं तुटलं ते उरणला. तिथल्या एका गोदामात केबल टाकायचं काम मिळालं होतं. गोदामात रंग आणि थिनरचे डबे छतापर्यंत रचलेले. फाटकावरच्या सुरक्षा अधिकाऱ्याने आमची पेटी उघडली, ग्राइंडर बाहेर काढून टेबलावर ठेवला आणि ठिणगी पाडणारं काहीही आत जाणार नाही, असं सांगून चहा प्यायला निघून गेला. त्याचं बरोबरच होतं. मग मी आणि दत्तारामने ते सगळं काम हॅक्सॉने उरकलं. घरी जेवताना भाताचा घास तोंडापर्यंत नेणं हेही मला काम वाटायला लागलं होतं. त्याच गोदामाच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या ठेकेदाराचा माणूस शिडीवर उभा राहून एका हाताने लोखंडी सळई कापत होता. वायर नाही, ठिणगी नाही, आवाजही शिवणाच्या मशीनपेक्षा थोडा मोठा. ती बॅटरीवर चालणारी बँड सॉ. मी तिच्याकडे पाहत राहिलो आणि दत्ताराम माझ्याकडे. पुढे काय होणार ते त्याला कळलं होतं.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पिठाच्या गिरणीत दोन चाकांवर पट्टा फिरतो ना, तसंच यात दोन लहान चाकांवर पोलादी पात्याचा अखंड पट्टा फिरतो. पट्ट्याच्या एका कडेला दात. चाकांवर रबरी टायर असतात आणि त्या रबराच्या पकडीवरच पातं फिरतं. बाकी सगळं यंत्र म्हणजे मोटर, बॅटरी आणि ते पातं ताणून धरणारा एक खटका. पातं लोखंड जाळत नाही, खरवडत जातं. कापलेलं टोक लगेच हातात धरता येतं आणि जाड केबलचं लोखंडी कवचही न पिचता, सुरीने काकडी कापावी तसं सरळ कापलं जातं.

अलिबागच्या दुकानात गेलो तेव्हा शेठने सगळ्यांत मोठी काढून समोर ठेवली. ती पंचपात्रासारखा जाड पाइपही एका दमात कापते, असं तो सांगत होता. मी म्हटलं, मी वायरमन आहे, प्लंबर नाही. मग मी मधली उचलली, बॅटरी लावली आणि एका हाताने डोक्यावर धरून उभा राहिलो. शेठला वाटलं, हा मशीनला नमस्कार करतोय. मी तसाच उभा राहिलो, त्याचा चहा येऊन निवला तरी. हात थरथरायला लागल्यावर ती खाली ठेवली आणि धाकटी उचलली. आमचं बहुतेक काम शिडीवर आणि छताला असतं. दुकानातल्या टेबलावर सगळीच यंत्रं हलकी वाटतात. धाकटीचं तोंड लहान होतं, पण माझ्या कामातला सगळ्यात जाड पाइप त्यात बसत होता. शिवाय माझ्या ड्रिलची बॅटरी तिला चालत होती. हे फार महत्त्वाचं. नाहीतर प्रत्येक यंत्राचा वेगळा चार्जर घेऊन माणूस कामाला जातो की बिऱ्हाड हलवतो, तेच कळत नाही. तिची पाती अलिबागला मिळतात का आणि टायर झिजले तर नवे कुठे मिळतील, हेही विचारून घेतलं. शेठ म्हणाला, घेण्याआधीच बिघडायचं बोलणारं गिऱ्हाईक तूच पहिलं.

पात्याचं गणित एकदा समजलं की सोपं आहे. कापताना निदान तीन दात एका वेळी धातूत असले पाहिजेत. पातळ पत्र्याला बारीक दातांचं पातं, जाड सळईला जरा मोठ्या दातांचं. उलट केलं तर पत्र्यात दात अडकून मोडतात, नाहीतर सळईवर पातं नुसतं गुळगुळीत होत जातं. आणि दाबायचं नाही. यंत्राचं वजनच पुरतं. हे शेवटचं कुणालाच पटत नाही. जोर लावल्याशिवाय काम झालं असं आपल्याकडे कुणाला वाटतच नाही.

दिवेआगरला एक आप्पा होते, बँकेतून निवृत्त झालेले मॅनेजर. वाडीतल्या घरात पाहुणे ठेवायचे. मोठ्या वादळात त्यांचं सगळं वायरिंग गेलं, ते आम्ही नव्याने केलं. आप्पा आमच्या शेजारी खुर्ची टाकून बसायचे आणि प्रत्येक यंत्राची मुलाखत घ्यायचे. या करवतीने नारळ कापता येईल का, पाहुण्यांसाठी करवंट्यांच्या वाट्या करायच्यात, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. आम्ही जेवायला बसलो तेवढ्यात आप्पांनी न सोललेला नारळच करवतीला लावला. परत येऊन पाहतो तो चाकांभोवती काथ्याची गुंडाळी, पातं उतरलेलं आणि आप्पा खुर्चीत बसून म्हणताहेत की तुमच्या यंत्रात दम नाही. दत्तारामने आप्पांच्या मंडळींकडून केसाचा आकडा मागून घेतला आणि अख्खी दुपार एकेक तंतू उपसत बसला.  आप्पांवरचा राग काढला तो एवढाच, की त्या घरातल्या देवघरातला दिवा त्याने सगळ्यात शेवटी जोडला.

तर निगा. काम झालं की आधी बॅटरी काढायची, मगच झाकण उघडायचं. आतला लोखंडाचा कीस ब्रशने झाडायचा. करवत ठेवून देताना खटका सैल करायचा, म्हणजे टायरवर पात्याचा वळ उठत नाही. आणि चाकांना, टायरना, पात्याच्या आतल्या बाजूला तेलाचा थेंबही लावायचा नाही. पातं रबराच्या पकडीवर फिरतं. तेल लागलं की चाक फिरतं आणि पातं जागेवर उभं.

हे शेवटचं वाक्य किनाऱ्यावरच्या माणसाला पचायला जड जातं. इथल्या हवेत मीठ आहे. संध्याकाळी उघडी ठेवलेली पक्कड सकाळी तांबूस होते. कोयता, विळी, बिजागरी, सायकलची साखळी, जे लोखंड दिसेल त्याला खोबरेल लावायचं, हे आम्ही बोलायला लागायच्या आधी शिकतो. दत्तारामला टायरचं कळलं नव्हतं असं मुळीच नाही. कामाच्या दिवशी त्याने करवतीला कधी तेल लावलं नाही. पण खंडेनवमी हा कामाचा दिवस नव्हता.

खंडेनवमीला शेडमध्ये हत्यारांची पूजा असायची. ती दत्तारामची. मी फक्त नारळ आणायचो. आदल्या संध्याकाळपासून तो एकेक हत्यार धुऊन, पुसून, तेल लावून पाटावर मांडायचा. हळदकुंकू, झेंडूची फुलं, उदबत्ती. त्या दिवशी करवत ही करवत नसायची, देव असायची, आणि देवाला तेल लावतातच. दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा झाली की तो स्वतः सगळं पुसून काढायचा. तोवर पाटावरच्या वस्तूला हात लावायचा नाही. एका वर्षी त्या दिवशी शेडमधली ट्यूब गेली, तर हा माणूस पाटावरचा टेस्टर उचलायचा नाही म्हणून दार उघडून उजेडात बसून राहिला होता.

अशाच एका खंडेनवमीला, दुपारी, कोळीवाड्यातला हिराजी मोटरसायकल तशीच टाकून शेडमध्ये आला. त्याची भावजय जनाबाई खाडीच्या तोंडाशी जुन्या धक्क्याच्या पडलेल्या भागावर कालवं, म्हणजे दगडाला चिकटलेले शिंपले, काढायला गेली होती. दसऱ्याला पाहुणे ठेवणाऱ्या घरांतून कालवांना मागणी असते. तिथे फुटक्या स्लॅबमधून सळया वर आल्या आहेत. कालवाच्या कवचाने भरलेल्या दगडावरून तिचा पाय घसरला आणि दोन उभ्या सळयांच्या मधून स्लॅबच्या भोकात घोट्यापर्यंत गेला. सळया मधोमध वाकल्या आणि पायावर मिटल्या. ओहोटी संपून भरती लागली होती. हिराजीला माझा ग्राइंडर आणि मिळेल तेवढी लांब वायर हवी होती.

पाण्यात उभ्या असलेल्या बाईजवळ वायर नेणार नाही, असं मी त्याला सांगितलं. गॅसने कापायचं म्हणजे तीच सळई तापून तिच्या पायाला चटका देणार. हॅक्सॉने जाड सळई कापेपर्यंत भरती थांबणार नव्हती. राहता राहिली बॅटरीची करवत, आणि ती पाटावर होती. मी दत्तारामकडे पाहिलं. त्याने पाटाला हात जोडले, करवतीवरचं फूल काढून बाजूला ठेवलं आणि ती उचलली.

"बॅटरी कंची घेऊ?" त्याने विचारलं.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी जनाबाईच्या पोटरीच्या निम्म्यावर होतं. नवमीचा भांग होता, म्हणजे भरती लहान आणि पाणी सावकाश चढणारं. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण असतं तर आमचा काही उपयोग झाला नसता. पण भांगाचं पाणीसुद्धा संध्याकाळपर्यंत तिथे माणसाच्या गळ्याला लागतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि तिलाही. ती साठीची, किडकिडीत बाई. डोक्यावर टोपलीची चुंबळ तशीच होती, टोपली कुणीतरी काढून घेतली होती. ती पाय सारखा ओढत होती. ओढून ओढून घोटा सुजला होता आणि सुजल्यामुळे आणखी घट्ट बसला होता. बायका तिला ओढू नको म्हणून सांगत होत्या, पण पाणी चढताना दिसत असलं की असलं सांगणं कुणाला ऐकू येत नाही.

माणसं पहारीने सळया फाकवायला बघत होती. सळया हलत नव्हत्या, कारण वरच्या टोकाला, गुडघ्याच्या उंचीवर, दोन्हींना जोडणारी एक जाड आडवी सळई वेल्ड केलेली होती. ती एका जागी कापली की उभ्या सळया फाकणार होत्या. पाणी तिथवर चढलं असतं तर करवत चालवता आली नसती. एवढाच हिशोब होता.

मी तिच्या पायावर ओलं गोणपाट टाकलं. दत्तारामने पान्ह्याने आडवी सळई घट्ट धरली, कारण सळई थरथरली तर पात्याचे दात जातात. मी करवत टेकवली आणि बटण दाबलं. पातं थोडं आत गेलं. मग मोटरचा आवाज एकदम वर चढला आणि कीस पडायचा थांबला. मोटर फिरत होती, पातं उभं होतं. मागून कुणीतरी म्हणालं, बॅटरी गेली. दुसरा म्हणाला, दाबा. मी दाबलं नाही. करवतीला खोबरेलाचा वास येत होता. दत्तारामलाही तो आला असणार, कारण त्याचा चेहरा सुकला.

मी बॅटरी काढली, झाकण उघडलं. दोन्ही टायर तेलाने चकचकत होते, आतल्या कोपऱ्यात झेंडूची एक पाकळी चिकटलेली. पुसायला कोरडं काहीतरी हवं होतं. आमचे कपडे खालून पाण्याने आणि वरून घामाने भिजलेले, आजूबाजूच्यांचेही तसेच. मी कोरडं फडकं मागितलं. सगळे एकमेकांकडे बघत असताना जनाबाईने डोक्यावरची चुंबळ काढली, तिचा पीळ सोडला आणि ते लुगड्याचं जुनं कापड माझ्याकडे केलं. तिथे तेवढंच कोरडं होतं.

मी तिच्याकडे पाठ करून एका दगडावर बसलो. दोन्ही टायर पुसले, पातं सबंध फिरवून आतून पुसलं, कापडाची बाजू बदलून पुन्हा पुसलं. अर्धवट पुसून चढवलं असतं तर ते पुन्हा सुटलं असतं. भोवतीची माणसं ओरडत होती, हिराजी मला शिव्या देत होता आणि त्याच्या जागी मीही त्याच दिल्या असत्या. पातं चढवलं, खटका ताणला, बॅटरी लावून हवेत फिरवून पाहिलं. मग जुन्या खाचेत न घालता शेजारी नवी खाच धरली, कारण तिरक्या खाचेत पातं अडकतं. या वेळी कीस पडायला लागला. मी फक्त करवतीचं वजन सळईवर राहू दिलं. शेवटी सळई फटकन सुटली तेव्हा पाणी तिच्या गुडघ्याला लागलं होतं. चौघांनी पहार घातली, सळया फाकल्या, आणि बायकांनी जनाबाईला काखेत धरून वर घेतलं. रिक्षाने तिला अलिबागला नेलं. घोट्याचं हाड तडकलं होतं, पाय शाबूत राहिला.

करवत आम्ही गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून वाळत ठेवली. पुढे तिचं एक बेअरिंग खाऱ्या पाण्याने गेलं, ते बदललं. ती चालू झाली. दत्ताराम झाला नाही. दसऱ्याला तो गावी निघून गेला. भात कापणीला आलंय, असं म्हणाला. परत आला तो गप्प होऊनच. तेलाची बाटली त्याने शेडमधून घरी नेली होती. मी त्या दिवसाबद्दल एकदाही बोललो नाही. ती वाचली ना, असं म्हणून विषय संपवणं मला सोपं होतं, त्याला नव्हतं. त्याच्या दृष्टीने त्याने पूजा मोडली आणि वर ज्या हाताने पूजा केली त्याच हाताने बाईला बुडवायला निघाला होता. माणूस कामात चोख राहिला, पण कोणतंही हत्यार मला देण्याआधी ते दोनदा पुसायला लागला. मला ते बघवत नव्हतं.

जनाबाई पुन्हा बाजारात बसायला लागल्याचं कळलं तेव्हा एका सकाळी तोच म्हणाला, चला. ती पाय लांब करून बसली होती, पुढे कालवांचे वाटे. मला पाहून तिने सरकून जागा केली आणि चौकशी करायला लागली. दत्ताराम उभाच राहिला.

"बाय, त्या दिशी मशीनला त्याल मी लावल्यालं. म्हनून पट्टी फिरंना. येळ ग्येला तो माज्यामुळं," तो म्हणाला. एवढं सलग तो कित्येक दिवसांत बोलला नव्हता.

तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "लोखंडाला त्याल नाय लावायचा त काय लावायचा?"

 ती वाट्यातली कालवं सारखी करत राहिली. मग माझ्याकडे हात करून म्हणाली, "त्याच टायमाला माजा भ्या गेला. हे वायरमन भाऊ पाठ करून मशीन पुसाया बसले, आरामात. सगली वरडत व्हती, यांना काय घाई नाय. मना वाटला, यांना ठावं हाय, टाइम हाय अजून. मंग मी पाय वढायचा सोडला."

डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की ती आणखी ओढत राहिली असती तर सळया फाकल्यावरही पाय सहज निघाला नसता.

मी त्या दिवशी तिच्याकडे पाठ केली ती माझे हात तिला दिसू नयेत म्हणून. ते इतके कापत होते की पातं चाकावर बसवताना दोनदा निसटलं. हे पाहणारा एकच माणूस होता, पान्हा हातात धरून माझ्यासमोर येऊन उभा राहिलेला. आता बाजारात त्याने माझ्याकडे पाहिलं, मग जनाबाईकडे पाहिलं.

"व्हय," दत्ताराम म्हणाला. "भाऊंचा हात लई थिर."